महामार्गाची वेगमर्यादा: आकडा बहुधा योग्य, अंमलबजावणी बऱ्याचदा नाही

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. रस्ता सरळ, गाडी नवी, ब्रेक उत्तम, समोर चिटपाखरू नाही, तरी १०० किंवा १२० ची मर्यादा कशासाठी? आणि कॅमेरा नेमका उतारावर किंवा पुलाच्या आडोशाला का असतो, ही सुरक्षा की वसुली? रस्त्यांची आखणी आणि वेगाची सर्वेक्षणे हेच माझे काम असल्याने मत आधीच सांगून टाकतो. मर्यादेचे आकडे बहुतेक महामार्गांवर योग्य असतात, चालकांना वाटतात त्याहून बरेच योग्य. अंमलबजावणी मात्र अनेक ठिकाणी अन्यायाची होते. त्या अन्यायाचे मूळ कॅमेऱ्यात कमी आणि फलक लावतानाच्या आळसात जास्त असते.

आधी आकड्याचे बोलू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. अमेरिकी रचना-मानकात धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत २.५ सेकंद धरतात, आणि ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ३.४ मीटर प्रति सेकंद इतका उतरेल असे मानतात. ओला रस्ता आणि साधारण चालक यांनाही जमेल असा हा हिशेब आहे. त्यानुसार १०० च्या वेगातली गाडी सुमारे १८५ मीटरमध्ये थांबते, १२० ची सुमारे २५० मीटरमध्ये, १४० ची ३२० मीटरमध्ये. पण या अंतरांपेक्षा एक वेगळा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन्ही चालकांना अडथळा एकाच जागी दिसला, तर जिथे १०० वाली गाडी पूर्ण थांबते तिथे १२० वाली अजून ताशी ७५ च्या वेगात असते. एक चालक सुटकेचा निःश्वास टाकतो त्या जागी दुसरा समोरच्या ट्रकवर ७५ ने आदळतो.

तुम्ही म्हणाल, माझे ब्रेक याच्या दुप्पट चांगले आहेत. खुशाल दुप्पट धरा, आणि प्रतिक्रियेचा वेळही दीड सेकंदावर आणा. दोन्ही गाड्या कमी अंतरात थांबतील, पण पहिली थांबते त्या जागी दुसरीचा उरलेला वेग ७५ च्या आसपासच येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे शेवटच्या काही मीटरमध्ये वेग झपाट्याने उतरतो, आणि नेमके तेच मीटर आपल्याकडे नसतात. चांगल्या गाडीने हे गणित बदलत नाही. कौशल्यानेही नाही.

‘समोर कोणी नाही’ याचा खरा अर्थ ‘मला दिसते तिथपर्यंत कोणी नाही’. महामार्गाच्या प्रत्येक वळणाची त्रिज्या, उंचवट्याची गोलाई, दुभाजकाची उंची एका ठरावीक वेगासाठी आखलेली असते. त्याला आम्ही डिझाइन स्पीड म्हणतो. उंचवट्यापलीकडे बंद पडलेला ट्रक त्या वेगात वेळेवर दिसावा, एवढीच हमी रस्ता देतो. रात्री तर रस्त्याची हमीही पुरत नाही, कारण लो बीमचा, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटचा, उपयोगी प्रकाश शंभर मीटरही धड जात नाही. म्हणजे रात्री लो बीमवर १०० ने जाणारा प्रत्येक जण प्रकाशाच्या पुढे धावत असतो. दिवसाच्या मर्यादेवर वाद घालणाऱ्यांनी याचाही विचार करावा असे मला फार वाटते.

या सगळ्यातून वाचतो तरी किती वेळ? शंभर किलोमीटरला १२० ने ५० मिनिटे लागतात, १४० ने जेमतेम ४३. ती सात मिनिटेही पूर्ण रस्ता रिकामा मिळाला तरच. त्यासाठी हवेचा अवरोध एक तृतीयांशाहून जास्त वाढतो आणि इंधन त्या मानाने जळते.

एकेका चालकाला धोका जाणवत नाही, हे मला मान्य आहे. वर्षानुवर्षे १४० ने गाडी चालवून ओरखडाही न आलेली माणसे मी पाहतो. पण मर्यादा एका माणसासाठी ठरत नाही, ती त्या रस्त्यावरच्या संपूर्ण प्रवाहासाठी ठरते. स्वीडनच्या योरान निल्सन यांनी सरासरी वेग आणि अपघात यांचा जो संबंध मांडला, त्यानुसार प्राणघातक अपघात साधारण वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. प्रवाहाचा सरासरी वेग ५ टक्क्यांनी वाढला तर प्राणघातक अपघात सुमारे २० टक्क्यांनी वाढतात. पुढच्या संशोधकांनी या सूत्रात दुरुस्त्या सुचवल्या, पण दिशा कोणी बदललेली नाही.

याला नेहमी येणारे उत्तर असे: ‘वेग मारत नाही, वेगांमधला फरक मारतो.’ याचे मूळ १९६४ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. सरासरीपेक्षा फार हळू जाणारेही तितकेच धोक्यात असतात, असे त्यात दिसले होते. मात्र त्यातल्या ‘हळू’ गाड्यांमध्ये वळण घेण्यासाठी किंवा थांबण्यासाठी वेग कमी केलेल्या कितीतरी गाड्या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी अपघातांची काटेकोर पुनर्रचना करून पाहिले, तेव्हा हळू जाणाऱ्यांचा धोका वाढलेला दिसला नाही; सरासरीच्या वर गेलेल्यांचा मात्र झपाट्याने वाढलेला दिसला. वेगांमधला फरक धोकादायक आहेच. पण त्यावरचा उपाय म्हणून सगळ्यांनी वेगवान व्हावे, असे म्हणणे चुकीचे आहे. अवजड वाहने १४० ने जाऊच शकत नाहीत. युरोपीय संघात मोठ्या ट्रकना ९० चा वेगनियंत्रकच बसवलेला असतो. मोटारी जितक्या वेगवान, तितका ट्रकशी फरक जास्त.

मग जर्मनी? हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि यायलाच हवा. जर्मनीच्या ऑटोबान या महामार्ग-जाळ्याच्या बऱ्याच मोठ्या भागावर कायमची मर्यादा नाही, आणि तरीही वाहन-किलोमीटरमागे मृत्यूंच्या हिशेबात तो अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांपेक्षा सुरक्षित आहे. पण तिथे काय काय आहे तेही पाहा. अवजड ट्रकना ८० ची मर्यादा आहे. उजवीकडून ओव्हरटेक करायला (तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे आपल्याकडे डावीकडून करण्यासारखे) बंदी आहे आणि ती पाळली जाते. चालकांचे प्रशिक्षण लांबलचक आणि महाग आहे, गाड्यांची तपासणी कडक आहे. शिवाय १९७८ पासून १३० हा शिफारशीचा वेग आहे, आणि ती शिफारस कागदी नाही. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवले की १३० च्या वर असताना अपघात झाला, तर चूक दुसऱ्याची असली तरी वेगवान चालकाला नुकसानीचा काही भार उचलावा लागू शकतो; १३० ने जात असतो तरी हा अपघात असाच झाला असता, हे त्याने सिद्ध करायचे. म्हणजे आकडा आहेच, तो पोलिसांऐवजी विम्याच्या हिशेबात बसवला आहे. ही शिस्त नसलेल्या देशाने फक्त ‘मर्यादा नाही’ एवढेच उचलले, तर पहिल्याच वर्षी त्याची किंमत मोजावी लागेल.

मर्यादा सरसकट शास्त्रातून जन्माला आल्या, असा माझा दावा मुळीच नाही. ब्रिटनमध्ये १९५९ साली एम-वन हा महामार्ग खुला झाला तेव्हा त्यावर मर्यादाच नव्हती. ७० मैलांची, म्हणजे ताशी सुमारे ११२ किलोमीटरची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि १९६७ मध्ये कायम झाली. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ५५ मैलांची मर्यादा लावली ती तेलटंचाईमुळे, अपघातांमुळे नाही. १९७३ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ५४,००० माणसे मेली होती, १९७४ मध्ये सुमारे ४५,०००. त्या वर्षी लोक गाडी कमी चालवत होते हेही खरे, पण वेगाचा वाटा नाकारता येत नाही. १९८७ मध्ये ती मर्यादा सैल झाली आणि १९९५ मध्ये रद्द. नेदरलँड्सने मार्च २०२० मध्ये दिवसा १०० ची मर्यादा आणली ती हवेतल्या नायट्रोजन प्रदूषणापायी. कारणे राजकीय असतात, पर्यावरणाची असतात, कधी निव्वळ सवयीची असतात. म्हणून ‘हा आकडा इथे का?’ असे विचारणे चालकाचा हक्क आहे, आणि उत्तर द्यायला बांधील कोणीतरी असले पाहिजे.

आकडा ठरवायची जुनी पद्धत अशी: मोकळ्या रहदारीत गाड्यांचे वेग मोजायचे, ८५ टक्के चालक ज्या वेगाच्या आत असतात तो काढायचा आणि मर्यादा त्याच्या जवळ ठेवायची. बहुसंख्य माणसे शहाणी असतात, हा त्यामागचा विश्वास मला आवडतो. पण यात एक शिडी दडलेली आहे. मर्यादा वाढवली की लोक आणखी थोडे वर जातात, पुढच्या सर्वेक्षणात ८५ टक्क्यांचा वेग आणखी वर सापडतो, पुन्हा मर्यादा वाढते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या पद्धतीवरचा भर कमी करा असे सुचवले ते याचमुळे. मी स्वतः हे सर्वेक्षण वेगळ्या कामाला वापरतो. लावलेल्या मर्यादेपेक्षा ८५ टक्क्यांचा वेग २५-३० ने जास्त असेल, तर रस्ता एक सांगतो आहे आणि फलक दुसरेच. अशा जागी एकतर फलक चुकला आहे किंवा रस्ता. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा करून वर ८० चा फलक लावायचा, याला मी नियोजन म्हणत नाही.

आकडाच नको, चालकाच्या विवेकावर सोडा, असे म्हणणाऱ्यांसाठी मोंटानाचे उदाहरण आहे. १९९५ च्या अखेरीस या अमेरिकी राज्याने मोटारींसाठी दिवसाची मर्यादा काढून टाकली. वेग ‘वाजवी आणि सुज्ञ’ असला म्हणजे झाले. मग ८५ मैलांनी, म्हणजे ताशी सुमारे १३७ किलोमीटरने जाणाऱ्या एका चालकाला पोलिसाने धरले आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ मध्ये न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला: वाजवी वेग कोणता हे आधी न सांगता शिक्षा करता येत नाही, कारण मग गुन्हा काय हे त्या क्षणी समोर उभा असलेला पोलीस ठरवतो. १९९९ मध्ये राज्याला ७५ मैलांचा आकडा लावावा लागला. आकडा चालकाला बांधतो तसा पोलिसालाही बांधतो. न्याय्य अंमलबजावणीची पहिली अट हा आकडाच आहे.

पण तोच आकडा चुकीच्या जागी लावला की अन्याय सुरू होतो. दुरुस्तीचे काम संपून महिने लोटले, मजूर नाहीत, यंत्रे नाहीत, तरी ६० चा फलक उभाच. शंभरच्या टप्प्यानंतर एकदम ६०, मध्ये ८० ची पायरीच नाही. फलक झाडाच्या फांदीआड, किंवा डाव्या बाजूला एकच, जो ट्रकच्या रांगेमुळे दुसऱ्या लेनमधून दिसतच नाही. तुमचा उतारावरचा कॅमेरा बहुधा अशाच जागी असतो. लांब उतारावर पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही गाडीचा वेग ताशी दहा-बारा किलोमीटरने वाढतो. तो उतार खरोखर अपघातांचा असेल, खाली तीव्र वळण किंवा टोलची रांग असेल, तर तिथे कॅमेरा असायलाच हवा, मात्र त्याआधी इशाऱ्याचा फलकही हवा. तिथे अपघातांची काही नोंदच नसेल, फक्त गाड्या सहज सापडतात म्हणून कॅमेरा लावला असेल, तर तुमचा राग रास्त आहे.

बदलत्या मर्यादेचे विजेरी फलक हा यातला सगळ्यात नाजूक भाग. रहदारी दाट झाली की ताशी ८०-९० च्या आसपास लेनमधून सर्वाधिक गाड्या जातात. त्यापुढे प्रत्येक जण ब्रेक मारतो आणि ती ब्रेकची लाट मागे मागे सरकत शेवटी रस्ता थांबवते. म्हणून लंडनभोवतीच्या एम-२५ वर १९९५ पासून गर्दी पाहून मर्यादा खाली आणतात. कल्पना उत्तम आहे आणि मी तिचा पुरस्कर्ता आहे. पण फलकावर ६० दिसतो आणि पुढचे दहा किलोमीटर ना गर्दी, ना अपघात, ना धुके, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा त्या ६० वर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्या तिसऱ्या वेळी पुढे खरोखर गाडी उलटलेली असते. फलक वेळेवर काढणे हे लावण्याइतकेच सुरक्षेचे काम आहे. आकडा बदलल्यावर कॅमेऱ्याने लगेच दंड करता कामा नये. जुना आकडा पाहून पुढे आलेल्या चालकाला वेग उतरवण्यापुरता वेळ मिळालाच पाहिजे.

कॅमेरे उपयोगी आहेत का? आहेत. अनेक अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या २०१० च्या कॉक्रेन आढाव्यातल्या अभ्यासांत कॅमेऱ्यांजवळचे प्राणघातक आणि गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले दिसले. आकड्यांतला हा मोठा फरक प्रामाणिक आहे, पण घट सगळीच कॅमेऱ्यामुळे नसते. एखाद्या जागी दोन वर्षे खूप अपघात झाले म्हणून कॅमेरा लावला, तर तिसऱ्या वर्षी कॅमेरा नसतानाही ते काहीसे कमी झाले असते. हे वजा न करता यशाचे ढोल वाजवणारे अहवाल मला खपत नाहीत. एकाच बिंदूवरच्या कॅमेऱ्याची दुसरी अडचण प्रत्येक चालकाला ठाऊक आहे: कॅमेऱ्यापाशी ब्रेक, पुढे पुन्हा गॅस.

म्हणूनच माझे ठाम मत सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाजूने आहे. दोन बिंदूंवर नंबरप्लेट वाचायची, मधले अंतर वेळेने भागायचे. क्षणभर ओव्हरटेक करताना वेग वाढलेला माणूस त्यात सापडत नाही. दहा किलोमीटर सलग १४० ने गेलेला सापडतो. शिक्षा क्षणाला न होता वागण्याला होते. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये झालेल्या विश्लेषणात अशा टप्प्यांवर प्राणघातक आणि गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. माझ्यापाशी आलेल्या तक्रारींतही ‘मला फसवून पकडले’ ही तक्रार सरासरी वेगाच्या टप्प्यांबाबत क्वचितच असते.

मोजमापाबद्दल थोडे तपशिलात सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहेत. रस्त्याकडेला स्थिर उभे असलेले रडार गाडीकडे कोनातून पाहते, त्यामुळे ते वेग खऱ्यापेक्षा किंचित कमीच दाखवते. ही चूक चालकाच्या बाजूची. हातातल्या लेझर यंत्रात मात्र धोका आहे: किरण गाडीच्या लांब बाजूवरून घसरला तर वेग चुकू शकतो. म्हणून यंत्राची नियमित तपासणी आणि सोबत छायाचित्राचा पुरावा, दोन्ही हवेत. त्याशिवाय दंड करताना थोडी सूट दिली जाते. जर्मनी १०० पर्यंत ३ किलोमीटर आणि त्यावर ३ टक्के वजा करते. ब्रिटिश पोलिसांची मार्गदर्शक रेषा १० टक्के अधिक २ मैल अशी आहे. अबू धाबीत २० किलोमीटरची सूट होती. ऑगस्ट २०१८ मध्ये ती काढून फलकावरचा आकडाच खरा केला. मला हा शेवटचा मार्ग पटतो. सूट फक्त यंत्राच्या चुकीपुरती असावी. मोठी आणि सर्वांना ठाऊक असलेली सूट हीच पुढे नवी मर्यादा बनते, आणि नवखा किंवा परगावचा चालकच काय तो फलक पाळत बसतो. शिवाय तुमचा काटाही तुम्हाला सूट देतच असतो: संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत दाखवता येतो.

पैशाचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या खात्याला दंडातून उत्पन्न मिळते त्यानेच कॅमेऱ्याची जागा ठरवायची, ही रचनाच संशयाला आमंत्रण देते, त्यातली माणसे कितीही सचोटीची असोत. ब्रिटनने काही वर्षे दंडातून कॅमेऱ्यांचा खर्च भागवला, पण सोबत जागेसाठी अपघातांच्या नोंदीची अट घातली आणि कॅमेरे ठळक पिवळे रंगवायला लावले. २००७ मध्ये निधीची ती पद्धतही थांबवली. फ्रान्समध्ये २००३ पासून लावलेल्या स्वयंचलित रडारनी खूप जीव वाचवले. पण २०१८ मध्ये दुय्यम रस्त्यांची मर्यादा ९० वरून ८० केल्यावर लोक बिथरले आणि पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात देशातल्या निम्म्याहून अधिक रडारांची नासधूस झाली. नियम बरोबर असून भागत नाही. तो का आहे हे सांगितले नाही, तर यंत्रे फुटतात.

दंडाची रक्कम सर्वांना सारखी असणे म्हणजे समानता, हेही मला मान्य नाही. एकाचा आठवड्याचा पगार तो दुसऱ्याच्या दुपारच्या जेवणाचा खर्च. फिनलंड मोठ्या उल्लंघनासाठी उत्पन्नाच्या प्रमाणात दंड करते. ते जमत नसेल तर परवान्यावर चढणारे दंडाचे गुण, जे फार झाले की परवाना जातो, हा चांगला मार्ग, कारण परवाना श्रीमंताचाही एकच असतो. ट्रकचालकाचा विचारही इथेच करायला हवा. माल पोहोचवायची अशक्य वेळ मालक ठरवतो आणि दंड चालक भरतो. वेळापत्रकच मर्यादा मोडल्याशिवाय पाळता येत नसेल, तर नोटीस मालकाला गेली पाहिजे.

आणि नोटीस लवकर गेली पाहिजे. ब्रिटनमध्ये ती साधारणपणे १४ दिवसांत पाठवावी लागते. तीन महिन्यांनी आलेल्या पावतीवर माणूस काय बाजू मांडणार? त्या दिवशी फलक कोणता होता, गाडी कोण चालवत होते, काहीच आठवत नाही.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून चालकाला सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती फलक वाचते आणि नकाशातली नोंद पाहते. विसरलेला ६० चा फलक आता प्रत्येक गाडीत घंटा वाजवेल, आणि चालक वैतागून यंत्रणाच बंद करतील. फलकांची निगा हे यापुढे बाजूचे काम राहिलेले नाही.

तुमच्या त्या उतारावरच्या जागेबद्दल रस्ता सांभाळणाऱ्या खात्याला लेखी पत्र पाठवा आणि तीन गोष्टी मागा: त्या टप्प्याचे वेगाचे शेवटचे सर्वेक्षण, गेल्या पाच वर्षांची अपघातांची नोंद, आणि मर्यादा लागू करणाऱ्या आदेशाची प्रत, ज्यात ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे लिहिलेले असते. आदेशातली जागा आणि प्रत्यक्ष फलकाची जागा जुळते का ते स्वतः तपासा. अपघातांची नोंद मोठी असेल तर कॅमेरा योग्य जागी आहे. नोंद नसेल, किंवा आदेशच सापडत नसेल, तर फेरविचार मागायला तेवढे कारण पुरते.